गाडीभाड्याचे गणपती

मी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत पीटी शिकवते. शाळा भरण्याआधी दीड तास मुलींचा दोरीवरच्या मल्लखांबाचा वर्ग घेते. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, आणि ते मिळावेत असं म्हणणंही मी आता सोडून दिलं आहे. वर्ग म्हणजे काय, तर एक जाड सुती दोरी, छताला एक हूक, चार गाद्या आणि मी. गाद्यांपैकी दोन फाटलेल्या आहेत. माझंही फार वेगळं नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मध्य प्रदेशातून एका स्पर्धेचं निमंत्रण आलं. देशभरातले निवडक संघ येणार होते. राहणं-जेवण आयोजकांकडे, जाण्या-येण्याचं ज्याचं त्याने बघायचं. स्पर्धा गणपतीनंतर दोन आठवड्यांनी. सहा मुली, मी आणि सोबतीला एक आई, अशी आठ तिकिटं, शिवाय नोंदणीची फी आणि सहा सारखे पोशाख. मुख्याध्यापक अतिशय आनंदाने म्हणाले, शाळेचं नाव होईल, अवश्य जा. पैशांचा विषय निघाल्यावर त्यांना एक फोन आला.

मग मी मागत फिरले. या गोष्टीचा मला मनापासून कंटाळा आहे. वीस वर्षं हेच करते आहे तरी पैसे मागताना चेहरा कसा ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही. हसलं तर गरज दिसत नाही, गंभीर राहिलं तर समोरचा घाबरतो. आमच्या शहरात तेव्हा बरीच वर्षं पालिकेची निवडणूकच झाली नव्हती, त्यामुळे नगरसेवक सगळे माजी होते. माजी माणूस पत्र ठेवून घेतो, चहा पाजतो आणि आपण आता पदावर नाही याचं दुःख अर्धा तास आपल्यालाच सांगतो. ठाण्याच्या एका मोठ्या ऑफिसात खेळांसाठी निधी असतो असं कोणीतरी सांगितलं म्हणून रजा टाकून तिथे गेले. टेबलामागच्या मुलीने फार गोड आवाजात तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब मागितले. मी तिला माझ्या चार गाद्यांबद्दल सांगितलं. ती हसली, मीही हसले आणि परत आले.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवर दीड तास भांडण झालं आणि शेवटी, लोक चपला घालत असताना, माझा विषय निघाला. एका काकांनी विचारलं, मल्लखांब खांबावर असतो ना, मग दोरीवर कसा? मी समजावून सांगितलं. तेवढ्यात जिन्याचा दिवा टायमरने बंद झाला आणि सगळे अंधारातच वर गेले.

एका पालकांनी ऑनलाइन पैसे जमवायची लिंक तयार केली. फोटो बघून ते म्हणाले, बाई, यात मुली हसतायत, लोकांना वाटेल यांचं बरं चाललंय. म्हणून आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर, अनवाणी, गंभीर चेहऱ्याचा दुसरा फोटो काढायला बसलो. मुलींनी गंभीर व्हायचा फार प्रयत्न केला आणि आणखी हसत सुटल्या. लिंकवर पैसे आले ते मुलींच्या मामा-मावश्यांकडून, म्हणजे ज्यांच्याकडे आम्ही तसेही मागितलेच असते त्यांच्याकडूनच. फक्त मधल्या कंपनीने आपला वाटा कापून घेतला.

असा जुलै गेला. तिकिटं वेटिंगवर काढून ठेवली होती ती पुढे सरकत होती आणि पैसे मात्र जागचे हलत नव्हते.

वाट दाखवली ती विठ्ठलवाडीच्या एका गणेश मंडळाच्या सेक्रेटरीने. तो म्हणाला, मॅडम, देणगी कमिटीत पास होणार नाही, पण आमच्याकडे प्रोग्राम करा, मानधन देतो. हे मला इतकं साधं वाटलं की आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःचाच राग आला. देणगी म्हटली की आपल्या लोकांचा हात आखडतो, कार्यक्रम म्हटला की पाकीट निघतं. पुढच्या आठवडाभरात मी कल्याण, कळवा, डोंबिवली अशी ओळखीची सगळी मंडळं फोनवर गाठली. मुलींना कोणापुढे हात पसरायला न लावता त्यांच्या कष्टाचे पैसे त्यांनाच मिळवू द्यायचे, हे वाक्य मी तेव्हा दहा-बारा जणांना तरी ऐकवलं असेल. आज ते आठवलं की लाज वाटते.

कार्यक्रम म्हणजे वीस मिनिटांची प्रात्यक्षिकं. मंडपाच्या लोखंडी तुळईला दोरी बांधायची, खाली गाद्या टाकायच्या आणि मुलींनी एकेक करून चढायचं. पण स्पर्धेत जे करतात ते मंडपात चालत नाही. स्पर्धेत परीक्षक पायाच्या चवड्याची रेघ बघतात. मंडपात लोक पोहे खात बघतात. काहीतरी टाळ्यांचं हवं, म्हणून मी एक आयटम बसवला. सगळ्यात शेवटी एका मुलीने दोरीच्या टोकापर्यंत चढायचं, दोरीचा एक वेढा मांडीला घ्यायचा, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी पकडून उलटं लटकायचं आणि कमरेच्या पिशवीतली फुलं दोन्ही हातांनी गणपतीवर उधळायची. स्पर्धेच्या नियमांत फुलं कुठेच नाहीत. ती माझीच कल्पना.

हे करू शकणारी मुलगी एकच होती. नववीतली, बारीक, कमी बोलणारी. वडील कल्याणला रिक्षा चालवायचे, आई एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. आधी ते डोंबिवलीतच राहत. भाडं परवडेना म्हणून आंबिवलीला गेले. मुलीने शाळा सोडली नाही आणि दोरी तर नाहीच. सकाळी साडेपाचला घरून निघायची. माझ्या वीस वर्षांत अशा दोनच मुली झाल्या, की दोरीवर चढल्या की आपण वेळ बघायला विसरतो. त्या स्पर्धेत पहिल्या तिघींत येणाऱ्या मुलींना एका मोठ्या प्रशिक्षण केंद्रात घेणार होते, राहणं-खाणं-शिकणं सगळं त्यांच्याकडे. तिचं नाव त्या तिघींत असणार याबद्दल मला शंका नव्हती. तिलाही नव्हती. एकदा मला तिने विचारलं होतं, तिथे स्वतःचं कपाट मिळतं का. मी म्हटलं, मिळत असावं.

गणपती बसले आणि आमची धावपळ सुरू झाली. रोज एक कार्यक्रम करायचा असं मी ठरवलं होतं. तिसऱ्या दिवसापासून कधी कधी दोन व्हायला लागले, कारण एका मंडळाचं बघून शेजारचं मंडळ बोलवायचं आणि मला नाही म्हणवेना. दोरी, हूक आणि गाद्या टेम्पोत टाकायच्या, मुलींनी त्याच गाद्यांवर बसायचं. रस्त्यात खड्डा आला की सहाही जणी एकदम ओरडायच्या. कपाळाला गुलाल, हातात प्रसादाचा पेढा, पुढच्या मंडपात पुन्हा वेण्या घालणं. त्यांना मजा येत होती हे खोटं नाही. फुलांचा आयटम सगळीकडे गाजला. लोक मोबाईल वर धरून उभे राहायचे आणि फुलं पडली की वन्समोअर यायचा. कधी आमदार उशिरा पोहोचायचे, कधी ढोलपथकाचा आवाज इतका असायचा की कोणाचं लक्षच गेलेलं नसायचं, कधी व्हिडिओवाल्याची बॅटरी संपलेली असायची. पुन्हा एकदा, बाई. मी वर बघायचे आणि ती पुन्हा चढायची. पाकीट जाड करायचं असेल तर वन्समोअरला नाही म्हणून कसं चालेल, असा माझा साधा हिशेब.

दहाव्या दिवशी, विसर्जनाच्या सकाळी, खाडीकडच्या गावातल्या एका शेठनी बोलावलं होतं. त्यांच्या वडिलांनी भात लावला, मिठागरात मीठ ओढलं. त्याच जमिनीवर आता त्यांच्या इमारती आहेत आणि क्रेन भाड्याने द्यायचा धंदा आहे. मंडपाची तुळई दोरीला पुरेशी उंच नाही म्हटल्यावर त्यांनी एक क्रेनच दारात आणून उभी केली. आम्ही क्रेनच्या हुकाला दोरी बांधली. दोरी कशाकशाला बांधलेली मी पाहिली आहे, पण क्रेनला पहिल्यांदाच. शेठ माणूस मोकळा. आल्याबरोबर मुलींना बसवून जेवू घातलं, कोणाला कमी वाढलं का ते स्वतः फिरून बघितलं. मी किती जमलेत, किती कमी पडतायत ते सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं.

"बाई, टेन्शन कनाला घेताव? पोरी आपल्याच हान. गारीभारा सगला माझेकरं."

म्हणजे जे कमी पडेल ते सगळं त्यांच्याकडे. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी असं म्हणालं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी गाद्या सरळ करायला गेले.

कार्यक्रम छान झाला. फुलं पडली, टाळ्या पडल्या. मुली पाणी पीत होत्या तेवढ्यात शेठची मोठी बहीण कळव्याहून आली. रस्त्यात अडकली होती. दहा दिवस ती या फुलांबद्दल ऐकत होती म्हणे, आणि नेमकं तेच चुकलं. शेठ माझ्याकडे आले, हात जोडले आणि म्हणाले, बायनी बघला नाय, फक्त एकदा. मी त्या नववीतल्या मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी मान हलवली. तेव्हा मला वाटलं, मी तिला विचारते आहे. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ती उठली, कमरेला फुलांची पिशवी बांधली आणि चढली. उतरल्यावर ती टाचेवर चालत गादीवरून बाहेर गेली. अंगणात चिखल होता, पाय माखू नयेत म्हणून तशी चालत असेल, असं मी धरून चालले.

शेठनी शब्द पाळला. तिकिटं कन्फर्म झाली, पोशाख शिवून आले, वर थोडे पैसे उरले. मी दोन दिवस सुट्टी दिली आणि स्वतःही झोपून काढली.

तिसऱ्या दिवशी वर्गावर ती मोजे घालून आली. मी दोरीकडे जायला सांगितलं तर म्हणाली, बाई, आज नुसता व्यायाम करते, सर्दी झालीय. वीस वर्षांत मी बरीच कारणं ऐकली आहेत. बसवलं आणि मोजा काढायला लावला.

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात काचेसारखा चकचकीत थर होता. मला आधी कळेचना काय आहे ते. मग तिने सांगितलं. चौथ्या दिवशी कातडी फाटली. घरी वडिलांकडे रिक्षाच्या सीटचं रेक्झिन चिकटवायची ट्यूब असते, क्षणात चिकटते. तिने त्यातल्या गोंदाने चीर बंद केली. पुन्हा फाटली की पुन्हा चिकटवली. रोज.

"चिकटवलं की दुखत नाही, बाई," ती म्हणाली. "म्हणजे चढेपर्यंत नाही दुखत."

थराच्या खाली पिवळं झालं होतं आणि अंगठ्यापासून घोट्याच्या दिशेने लाली चढत गेली होती. मी तिच्यावर ओरडले. अकलेचा भाग आहे का, सांगायला काय झालं होतं, असं बरंच बोलले. ती खाली बघून ऐकत राहिली, आणि ओरडता ओरडता मला कळत होतं की मी हे कोणाला बोलते आहे.

डॉक्टरांनी थर काढला, पू काढला, तीन आठवडे दोरीला पाय लावायचा नाही म्हणाले. स्पर्धा नऊ दिवसांवर होती. मग त्यांनी माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, तुम्ही मुलींचे पाय बघत नाही का?

बघते. तेच तर आहे. वर्गात कोणीही दोरीला हात लावण्याआधी सगळ्या ओळीत बसतात आणि मी एकेकीचे तळहात, नखं, पायाची बेचकी बघते. माझ्या बाईंनी मला तसं शिकवलं आणि मी एक दिवस चुकवलेला नाही. पण गणपतीत वर्ग नव्हता, कार्यक्रम होते. सराव नाही, तर तपासणी नाही, इतकं ते डोक्यात पक्कं बसलं होतं. वर्गात एखादी मुलगी त्या बेचक्यावर जितका भार घेते त्याहून जास्त ती त्या दहा दिवसांत घेत होती, आणि मी तिचे पाय एकदाही पाहिले नाहीत. वेण्या रोज नीट घातल्या आहेत का ते पाहिलं.

संध्याकाळी आंबिवलीला तिच्या घरी गेले. रागावतील, बोलतील, अशी मनाची तयारी करून गेले होते. खरं तर बोलले असते तर बरं वाटलं असतं. वडिलांनी ती ट्यूब रागाने खिडकीतून बाहेर टाकली, तेवढंच. आईने मला पाणी दिलं आणि विचारलं, तिकीट काढलंय ना तिचं? मी हो म्हटलं. मग न्या तिला, आई म्हणाली, एवढं केलंय तिने, बघून तरी येईल.

म्हणून ती आली. तिच्या जागी सातवीतली एक मुलगी घेतली, आणि सोबतीला येणाऱ्या आईने आपलं तिकीट सोडलं. गाडीत ती खिडकीशी पाय वर घेऊन बसली होती. बाकीच्या मुली तिला जास्तच जपत होत्या आणि त्यामुळे ती अवघडली होती. मला झोप आली नाही. मी हिशेबाची वही काढून बघत बसले, सगळं बरोबर जुळत होतं.

स्पर्धेचा हॉल मोठा होता, उंच छताचा, चार दोऱ्या एका वेळी लागलेल्या. काही संघांच्या मुलींच्या पाठीवर कंपन्यांची नावं होती, सोबत फिजिओथेरपीवाला माणूस होता. आमच्या मुलींनी बरं केलं, फार वाईट नाही. सातवीतली मुलगी मधेच अडकली, तिने खाली माझ्याकडे पाहिलं आणि मग कसंबसं पूर्ण केलं. आमचा संघ मधेच कुठेतरी आला. नववीतली ती पूर्ण दोन दिवस गाद्यांच्या कडेला बसून होती. मुलींच्या वेण्या घालत होती, पिना तोंडात धरून. वर कोणी चढलं की तिच्या उजव्या पायाची बोटं ड्रेसिंगच्या आत आपोआप वळायची. मी तिच्या मागे दोन हातांवर बसले होते, त्यामुळे ते मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वैयक्तिक फेरी चालू असताना पलीकडच्या राज्याच्या संघातली एक मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली. तिच्याच वयाची, मोकळ्या स्वभावाची. तिने ड्रेसिंगकडे बघून विचारलं, तू क्यों नहीं खेल रही?

"खेल के आई ना मैं," आमची मुलगी म्हणाली. "घर पे. छब्बीस बार."

त्या मुलीला काही कळलं नाही. ती हसली आणि आपल्या नंबराला उठून गेली.

मी सगळ्यांना चौदा कार्यक्रम सांगत आले होते. शाळेत, पालकांना, शेठना, डॉक्टरांनाही. चौदाच पाकिटं होती, वहीत चौदाच ओळी होत्या. वन्समोअर मी कधी मोजलेच नव्हते.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मी तिचं ड्रेसिंग बदललं. बाकीच्या मुली जेवायला गेल्या होत्या. तिने पाय माझ्या मांडीवर ठेवला, मी जुनी पट्टी सोडवली, जखम पुसली. आमच्या पिढीत बाई मुलींची माफी मागत नाहीत, मीही कधी मागितली नव्हती. चुकलं माझं, असं मी म्हटलं. तिने ते ऐकलं, पण त्याचं काय करायचं ते तिला समजलं नाही.

"पुढच्या वर्षी पण गणपतीतच पैसे जमवायचे ना, बाई?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशीच्या सरावाची वेळ विचारावी तशा आवाजात तिने ते विचारलं. त्यात तक्रार नव्हती, काही नव्हतं. मी दुसरा काही मार्ग आठवायचा प्रयत्न केला. जुलै महिना सगळा आठवून पाहिला.

हो, मी म्हटलं.